गुडघ्यातला स्क्रू आणि मूळ कागद

सगळ्यात आधी सांगून टाकते, मी नाटकं करत नव्हते. गेली अडीच वर्षं नांदेडातल्या डॉक्टरांनी, ऑफिसातल्या बायकांनी आणि घरात नवऱ्यानं मला एकच ऐकवलं: गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हटल्यावर थोडंफार दुखणारच, मनावर घेऊ नका. अहो, मनावर कोण घेतंय? जमिनीला गुडघा टेकला की हाडात खिळा ठोकल्यासारखी कळ जायची आणि डोळ्यांपुढं अंधारी यायची. हे थोडंफार असेल तर जास्त म्हणजे काय असतं, ते मला कुणीतरी दाखवून द्यावं.

तर हा खिळा म्हणजे एक स्क्रू होता. तीन वर्षांपूर्वी स्कुटीवरून ऑफिसला निघाले होते, समोर म्हैस आली, तिला चुकवायला मी पाय खाली टेकवला आणि गाडी एकीकडं, गुडघा दुसरीकडं वळला. म्हैस आपली जागची हलली नाही. गुडघ्याच्या आत वरचं आणि खालचं हाड बांधून ठेवणारी एक दोरी असते, तिला लिगामेंट म्हणतात, ती माझी तुटली. लातूरला दादा राहतो, आणि आमच्या घरात कुठलंही मोठं दुखणं निघालं की 'लातूरला दाखवा' हे ठरलेलंच असतं, म्हणून ऑपरेशन लातूरला झालं. मांडीमागची एक शीर काढून तिची नवी दोरी केली आणि ती खालच्या हाडाला स्क्रूनं आवळून टाकली. डॉक्टर म्हणाले, हा स्क्रू जन्मभर आत राहील, तुम्हाला कळणारसुद्धा नाही. सहा महिने गेले, आणि मग मला त्या स्क्रूशिवाय दुसरं काही कळेनाच.

मग दवाखाने सुरू झाले. एकानं वजन कमी करायला सांगितलं. दुसऱ्यानं व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्यानं एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, 'फर्स्ट क्लास ऑपरेशन झालंय' म्हणून लातूरच्या डॉक्टरचं कौतुक केलं आणि जाताना पुढच्या पेशंटला आत पाठवा म्हणाला. मी म्हटलं, डॉक्टर, कौतुक नंतर करा, इथं बोट लावून बघा, टेंगूळ लागतंय. त्यानं काही बोट लावलं नाही. एक्स-रेमधे नाही म्हटल्यावर माझ्या पायात कुठून असणार? ऑफिसातल्या एकीनं निरगुडीचा पाला बांधायला सांगितला, दुसरीनं देगलूरच्या पलीकडचा कुणी हाडवैद्य सुचवला, आणि तिसरीनं 'तुम्ही फार विचार करता मॅडम' असं निदान केलं. विचार करायला मला वेळ कुठाय बाई? एका टेबलावर दोघींचं काम ओढते मी.

तरी चाललं होतं. गुडघा न टेकता माणूस जगू शकतं. आमच्या गल्लीतल्या विहारात रविवारी वंदनेला सगळे गुडघे टेकून प्रणाम करतात, मी मागं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून नुसती मान वाकवायची. पुढं बसणारे एक म्हातारे गृहस्थ दर रविवारी वळून विचारायचे, "बाई, अजून खुर्चीच का?" त्यांचं वय ऐंशीच्या पुढं आणि ते खटकन खाली बसायचे, खटकन उठायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची. पण 'हाव, अजून खुर्चीच' म्हणून मी जय भीम घालायची आणि घरी यायची.

यंदाच्या उन्हाळ्यात माय आमच्याकडं आली आणि सगळं बदललं. माय म्हणजे माझी आई. किल्लारीच्या पुढं भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या एका गावात ती एकटीच राहायची, घरासमोरच्या तुकड्यात भेंडी-गवार लावायची आणि कुणाचं म्हणून ऐकायची नाही. एका सकाळी तिच्या उजव्या अंगातली शक्ती गेली. दवाखान्यात काही दिवस काढल्यावर पाय परत आला, हात अर्धाच आला. आता तिनं एकटीनं राहायचं नाही हे नक्की झालं. दादाचा लातूरचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आमचं घर बसकं, दारापर्यंत रिक्षा येते. मी म्हटलं, माय माझ्याकडं येईल. नातेवाइकांनी नाकं मुरडली, पोरगा जिवंत असताना माय लेकीच्या दारात? माय म्हणाली, "मला नांदेडला न्या." विषय संपला.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत ती माझ्याकडं सलग चार दिवस राहिली नव्हती. आता ती रोज होती. माझ्या भाजीला नावं ठेवायला होती, नवऱ्याची बाजू घ्यायला होती, मी ऑफिसातून यायच्या वेळेला गेटला धरून उभी असायची. मी स्कुटी लावून पायरी चढेपर्यंत माझ्या पायाकडं बघत राहायची आणि मग म्हणायची, "चहा टाक." मला वाटायचं, चहासाठीच थांबलीय.

तिचं ती बरंचसं करायची. फक्त आंघोळ एकटीला जमत नव्हती. बाई लावू म्हटलं तर डोळे वटारले. "परक्या बाईचा हात माज्या अंगाला लागू द्यायची न्हाई मी. तू घाल, न्हाईतर ऱ्हाऊ दे, अशीच बसते." खुर्चीवर बसवलं तर पाय लोंबकळतात, तोल जातो, घाबरते. ती पाटावरच बसणार. आता पाटावर बसलेल्या माणसाला आंघोळ घालायची तर समोर गुडघे टेकून बसावं लागतं. पाय चोळायचे, टाचा घासायच्या, शेवटी काखेत हात घालून उठवायचं. हे सगळं मी खुर्चीवर बसून, कमरेतून वाकून करत होते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

गणपतीच्या दिवसांत एका सकाळी पाटावरून माय घसरली. साबणाचे पाय, गुळगुळीत फरशी. मी खुर्चीवरून झटकन खाली गेले आणि तिला काखेत धरलं, पण माझा सगळा भार उजव्या गुडघ्यावर, नेमका त्या स्क्रूवर आला. अशी कळ गेली की मी ओरडले आणि माझा हात सुटला. मायनं बुड टेकलं ते थेट ओल्या फरशीवर. ओरडणं ऐकून नवरा धावत आला. तो बिचारा मदतीलाच आला, पण मायच्या अंगावर एक ओलं लुगडं, तेही अर्धं. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं आणि "जावयाला भाईर काढ" एवढंच म्हणाली. त्यानं डोळे मिटून तिला उचललं आणि निघून गेला. लागलं काही नाही, नशीब. पण त्यानंतर दोन दिवस ती त्याच्या समोर आली नाही, जेवण आतल्या खोलीत मागितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या मायला माझ्या घरात ही लाज यावी, आणि कशानं, तर माझा हात सुटला म्हणून.

ही बातमी लातूरला कुणी पोचवली मला माहीत नाही. म्हणजे माहीत आहे, नवऱ्यानं पोचवली. दादा पहिल्या बसनं हजर. चहासुद्धा घेतला नाही. "तुझ्याच्यानं होत नाही हे कबूल कर," म्हणाला. "दिवाळी झाली की मायला मी नेतो. तुझी वहिनी घालील आंघोळ." मी म्हटलं, तीन मजले चढवणार कसं? तो म्हणाला, एकदाच चढायचंय. एकदाच! म्हणजे वर गेली की खाली यायचंच नाही का तिनं? मी भांडले, खूप भांडले. पण खरं सांगू, राग याचाच आला की त्याचं चुकत नव्हतं. माझ्याच्यानं खरंच होत नव्हतं. माय बाजूला बसून डाव्या हातानं डाळ निवडत होती. मी म्हटलं, माय, सांग ना त्याला, मी जात नाही म्हणून. ती मान वर न करता म्हणाली, "तुजा गुडगा बघ आधी." मी त्याचा अर्थ माझ्या सोयीचा घेतला. गुडघा नीट झाला तर माय माझी, नाही झाला तर दिवाळीनंतर लातूर. मधे उरले होते जेमतेम दोन महिने.

दुसऱ्याच दिवशी नवीन डॉक्टर गाठला. हा चांगला निघाला. एक्स-रे मागितला नाही, आधी पाय मागितला. टेंगळावर अंगठा दाबला आणि मी टेबलावरून उडालेच. "अहो, हा स्क्रू मागं सरकलाय," तो म्हणाला, "डोकं बाहेर आलंय, कातडीखाली हाताला लागतंय." मग वेगळ्या बाजूनं एक्स-रे काढून त्यानं मला ते दाखवलं, तांदळाच्या दाण्याएवढं पुढं आलेलं डोकं. अडीच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी 'आहे' म्हणालं. मी चक्क रडले. तो बिचारा घाबरला, म्हणाला, मॅडम, हे मोठं काही नाही, नवी दोरी हाडाला धरलीय, स्क्रूचं काम कधीच संपलंय, काढून टाकू. मग म्हणाला, "फक्त स्क्रूचा कागद घेऊन या."

कसला कागद? तर प्रत्येक स्क्रूच्या खोक्यावर एक स्टिकर असतं, कंपनी आणि नंबर लिहिलेलं. ऑपरेशन करणारा ते स्टिकर फायलीत चिकटवतो. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूच्या डोक्यात खाच वेगळी, तसा पाना वेगळा. भलताच पाना लावला तर खाच झिजते, स्क्रू गोल गोल फिरतो आणि मग तो काढायला हाड कोरावं लागतं. "घरातला मिक्सर उघडताना होतं ना, तसंच," डॉक्टर म्हणाला. माझ्या नवऱ्यानं आमचे दोन मिक्सर असेच संपवलेत, त्यामुळं मला लगेच पटलं.

दादाला फोन केला, लातूरच्या दवाखान्यातून कागद काढ म्हटलं. दादाला सवड मिळून तो जाईपर्यंत जवळपास महिना गेला. दवाखाना नव्हताच. डॉक्टर परदेशी गेलेला, आणि त्या इमारतीत आता बारावीच्या क्लासवाल्या मुलींचं होस्टेल. लातुरात दुसरं काय होणार? जिथं मला भूल दिली होती तिथं सहा मुली पाढ्यासारखी सूत्रं पाठ करून राहिल्यात, असं दादा बाहेरून ऐकून सांगत होता. होस्टेलच्या बाईंनी त्याला गेटच्या आत पाऊल ठेवू दिलं नाही, आणि बरोबरच केलं.

म्हणजे माझ्या पायातल्या स्क्रूचा कागद या जगात एकाच ठिकाणी होता. माझ्या ऑफिसच्या रेकॉर्ड रूममधे.

आता हे सांगायला लाज वाटते, पण सांगते. सरकारी माणसाचं ऑपरेशन झालं की खर्चाचं बिल ऑफिसात घालावं लागतं, त्याला मूळ कागद जोडावे लागतात, स्टिकरसकट. आणि आमच्या ऑफिसात ते बिलांचं टेबल आठ वर्षं माझ्याकडं होतं. आठ वर्षं मी येईल त्याला एकच वाक्य ऐकवलं, 'मूळ प्रत लागेल, झेरॉक्स चालणार नाही.' एका शिपायाच्या बायकोच्या पायात सळई घातली होती, त्यानं स्टिकरची झेरॉक्स जोडली. मी त्याचं बिल तीनदा परत केलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मॅडम, उद्या परत डॉक्टरनं मागितलं तर मी काय दाखवू?" मी म्हटलं, तो तुमचा प्रश्न. माझं स्वतःचं बिल आलं तेव्हा, कुणी बोट दाखवू नये म्हणून, मी झाडून सगळे मूळ कागद जोडले. घरी झेरॉक्स ठेवली होती, ती काढून बघितली. स्टिकर चंदेरी असतं. झेरॉक्समधे त्याचा काळा चौकोन आला होता, नुसता काळा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडं?

रेकॉर्ड रूम सांभाळणारा लिपिक माझ्या हाताखालीच शिकलेला. पन्नाशीकडं आलाय, पण मला अजून भितो, असं मला वाटत होतं. मी गेले, म्हटलं, अमुक वर्षाचं गाठोडं काढ, माझी फाईल हवी. तो उभा राहिला, खुर्ची दिली आणि म्हणाला, "मॅडम, अर्ज?"

"कसला अर्ज? माझीच फाईल आहे."

"हाव मॅडम. पण तुम्हीच सांगितलं होतं, साक्षात साहेबाची फाईल असली तरी अर्जाबिगर कागद हलवायचा न्हाई."

सांगितलं होतं. अगदी ह्याच शब्दांत. मी अर्ज लिहिला. अर्जावर साहेबांची सही लागते, साहेब प्रशिक्षणाला गेलेले. कुठं, कधी येणार, कुणाला पत्ता नाही. नऊ दिवस मी त्यांच्या केबिनच्या दारात चकरा मारल्या. घरी मी मायला शेजारच्या वहिनींच्या मदतीनं आंघोळ घालत होते, आणि माय त्यांच्यासमोर अंग चोरून, ओठ मिटून बसायची. नऊ दिवसांत एकदाही तिनं 'पाणी गार हाय' म्हणून मला झापलं नाही. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

दहाव्या दिवशी साहेब आले, अर्ध्या मिनिटात सही केली, वर 'मूळ कागद देता येणार नाही, नक्कल द्यावी' असा शेरा मारला. नियम तसाच आहे. नक्कल म्हणजे झेरॉक्स. झेरॉक्स म्हणजे परत तो काळा चौकोन! मी म्हटलं, बरं, मोबाईलनं फोटो काढते. लिपिकानं भिंतीकडं बघितलं. भिंतीवर पाटी होती, 'येथे मोबाईलने छायाचित्र काढण्यास सक्त मनाई आहे.' अक्षर माझं. पाच वर्षांपूर्वी कुणीतरी सेवापुस्तकाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला होता, तेव्हा मीच रागारागानं स्केचपेन घेऊन लिहिली होती. सक्तच्या खाली दोन रेघा होत्या.

मला इतका राग आला की हसूच फुटलं. तोही हसला. मग म्हणाला, "मॅडम, हातानं नक्कल करू. जुनी पद्धत. रुजुवात घेऊ आणि मी सही-शिक्का देतो." पूर्वी झेरॉक्स नव्हती तेव्हा नकला हातानं लिहायचे. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून अक्षर अन् अक्षर तपासायचं, याला रुजुवात म्हणतात. नोकरीला लागले तेव्हा मी अशा शेकडो केल्या होत्या.

त्यानं लाल फडक्याचं गाठोडं सोडलं. धूळ उडाली, दोघंही खोकलो. माझी फाईल निघाली, स्टिकर निघालं, चंदेरी, अगदी चकचकीत. मी वाचायला लागले. कंपनीचं नाव, मग नंबर. तीन, शून्य, सात, एक, आणि पुढं भोक.

भोक! पंचिंग मशीनचं, फायलीची दोरी ओवायचं. नेमकं आकड्यावर. आणि मधोमध, शिस्तीत, एक मिलिमीटर इकडं न तिकडं. अख्ख्या ऑफिसात इतका नेमका पंच एकच बाई मारते. लिपिक हातात पेन धरून थांबला होता. "पुढं काय घेऊ मॅडम?" त्यानं विचारलं. "भोक घे," मी म्हटलं. खरंच, त्यानं नकलेत तसंच लिहिलं, 'पुढील अंक छिद्रामुळे वाचता येत नाही', आणि रुजुवात पाहिली म्हणून खाली सही केली. शिकवलेलं होतं ना मी.

तो कागद घेऊन मी तडक डॉक्टरकडं गेले. दिवाळीला पंधरा दिवस राहिले होते. डॉक्टरनं वाचलं, 'छिद्रामुळे' ला दोनदा हसला आणि सामान पुरवणाऱ्याला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की, कंपनी कळली, पहिले चार आकडे कळले, बस झालं. शेवटचा आकडा फक्त लांबीचा, पाना सगळ्यांना एकच. एवढंच! मी तिथंच खुर्चीत मागं टेकले. डॉक्टर म्हणाला, शनिवारी करून टाकू.

शनिवारी करून टाकलं. कमरेत सुई दिली, पाय बधिर, मी जागी. पडद्यापलीकडं डॉक्टर पाना फिरवत होता आणि मी मनात आकडे म्हणत होते. अर्धा तास लागला असेल. टाके दिवाळीनंतर निघाले. दादाला मी फोन करून सांगितलं, आता यायची गरज नाही, मी करते मायचं. तो म्हणाला, बघू. मी म्हटलं, बघायचं काही नाही. नवऱ्यानं फराळाचे चार डबे भरून लातूरला पाठवले, तह झाल्यासारखे.

आणखी तीन आठवडे डॉक्टरनं गुडघा टेकू दिला नाही. मग एका रविवारी तो म्हणाला, टेका आता. मी घरी आले. बाथरूममधली प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि अंगणात नेऊन ठेवली. शेजारच्या वहिनींना सांगितलं, आज तुम्ही नका येऊ. पाणी तापवलं. मायला पाटावर बसवलं, दार लावून घेतलं आणि तिच्यासमोर आधी डावा गुडघा टेकला. मग श्वास धरून उजवा टेकला. फरशी गार लागली. बाकी काहीच लागलं नाही.

मी तिचे पाय मांडीवर घेतले, चोळले, टाचा घासल्या. माय माझ्याकडं टक लावून बघत होती, माझ्या तोंडाकडं, मी कुठं ओठ चावते का बघत होती. मग डाव्या हातानं तिनं माझ्या गुडघ्यावरचा व्रण चाचपला. तिथं अंगठा दाबून बघितला, त्या डॉक्टरसारखाच. मी हलले नाही.

"दुकलं?"

"नाही माय."

"खरं सांग."

"खरंच नाही."

"मंग बरं झालं," ती म्हणाली. "आता दादाला फोन लाव. मला लातूरला घेऊन जा म्हणावं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, अगं माय, काय बोलतेस? ह्याच्यासाठी तर मी हा सगळा आटापिटा केला, तू इथं राहावीस म्हणून.

"तुज्या वहिनीचं पिशवीचं आपरेशन हाय पुढल्या महिन्यात. परवा फोनवर सांगत होती, लई रडली. दोन महिने तिला वाकाय येणार न्हाई. घरात माणूस नको का कुणी?"

"आणि ते माणूस तू? तुझा एक हात चालत नाही माय! तुला आंघोळ मी घालून राहिले!"

"दुसरा चालतोय की." तिनं तो पुढं करून दाखवला. "तिचं दुखणं तवापासनंच हाय, उन्हाळ्यातच जाणार होते मी तिच्याकडं. पर आधी तुज्याकडं आले. फोनवर म्हणायचीस, मायं, गुडगा टेकवत न्हाई, कुणी ऐकत न्हाई. अशी लंगडी लेक टाकून कुठं जाऊ? रोज गेटात उभी राहून बघत होते, आज तरी नीट चालती का. आता टेकलास गुडगा. मी सुटले."

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. ओरडावं असं खूप आलं तोंडात. सहा महिने मी म्हणत होते की मी मायला सांभाळते, ऑफिसात सांगितलं, दादाशी भांडले, नातेवाइकांना सुनावलं. एकाही माणसानं मला सांगितलं नाही की इथं सांभाळणारी कोण होती.

"घाल की पाणी," माय म्हणाली, "गार होऊन राहिलंय."

मी पाणी घालत राहिले. गुडघा कुठंच दुखत नव्हता, तरी मला उठता येईना.